पैसे पोचले, आपण पोचलो का?



मागच्या महिन्यात आपल्या बेळगावच्या केंद्रातले एक काका अचानक दवाखान्यात दाखल झाले. पोटाचं ऑपरेशन तातडीने करायचं होतं आणि दोघं नवराबायको इथे एकटीच. संध्याकाळी सातला ग्रुपवर निरोप पडला, सोबत काकूंचा नंबर. रात्री दहाच्या आत लागणारी रक्कम जमा झाली. वडोदऱ्याहून आली, इंदूरहून आली, हैदराबादच्या ताईंनी तर स्वतःच्या घरी आजारपण असताना पाठवली. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. आम्हा सगळ्यांना फार बरं वाटलं. आपला परिवार म्हणजे परिवारच, असं जो तो म्हणत होता.

चौथ्या दिवशी आम्ही काही जण भेटायला गेलो. काका आता बरे होते. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या, डोळे सुजलेले. आम्हाला बघून उठल्या, सगळ्यांची चौकशी केली, आणि मग सहज म्हणाल्या, "पैसे सगळ्यांचे आले हो. माणूस मात्र एक आलं नाही बघा."

त्या तक्रार करत नव्हत्या. जे झालं ते सांगत होत्या. तीन रात्री त्या एकट्या त्या बाकावर होत्या. रात्री औषध आणायला खाली जायचं तर काकांजवळ बसायला कोणी नाही. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या सुनेने त्यांना सांभाळलं, चहा आणून दिला. ती आपल्या परिवारातली नव्हती. तिने काकूंना एक रुपयाही पाठवला नव्हता.

आम्ही मान खाली घालून परत आलो. दवाखाना आमच्यातल्या चार घरांपासून चालत दहा मिनिटांवर होता.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्यात फिरतोय, आणि आज तो तुमच्यापुढे ठेवतोय. हातातला हा फोन माणसाला खरोखर बळ देतो का? देत असेल तर ते बळ येतं कुठून? आपल्या ग्रुपवर दोन्ही बाजूंचे निरोप येतात. सकाळी कोणीतरी पाठवतं की मोबाईलने माणसं तोडली. संध्याकाळी तेच पाठवतात की मोबाईलने जग बदललं, भारत पुढे गेला. दोन्हींना आपण अंगठा दाखवतो आणि पुढे जातो. एकदा थांबून खरं काय झालंय ते बघूया. त्यासाठी बेळगावाबाहेर, थोडं लांब जावं लागेल.

आधी केरळचा किनारा. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थतज्ज्ञाने तिथल्या मच्छीमारांचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात १४ जानेवारी १९९७ च्या सकाळची एक नोंद आहे. पावणेआठ वाजता बडगरा नावाच्या गावच्या किनाऱ्यावर ११ मच्छीमार भरलेल्या होड्या घेऊन उभे होते आणि मासळी फेकून देण्याच्या बेतात होते, कारण घ्यायला कोणी नव्हतं. त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आत, शेजारच्या दोन गावांत, २७ गिऱ्हाईकं रिकाम्या हाताने परत निघाली होती, कारण तिथे मासळी आली नव्हती.

इकडे अन्न फेकलं जातंय, तिकडे घ्यायला माणूस उभा आहे. मध्ये भिंत नाही, वैर नाही. फक्त एकाला दुसऱ्याचं माहीत नाही. तोवर अशी पकडलेल्या मासळीतली ५ ते ८ टक्के वाया जात होती. त्याच वर्षापासून त्या भागात मोबाईलचे मनोरे उभे राहू लागले. किनाऱ्यापासून २०-२५ किलोमीटर आत समुद्रातही आवाज मिळू लागला. मच्छीमार होडीतूनच चार बाजारांत फोन करून विचारू लागले, आज माल कुठे उतरवू? बघता बघता मासळी फेकणं जवळजवळ थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, आणि खाणाऱ्याला तीच मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. विकणाऱ्याचं भलं झालं आणि घेणाऱ्याचंही. कोणाच्या तोंडचा घास काढून हे झालं नाही. जे फुकट जात होतं तेच कामी आलं.

फोनने समुद्रात एक मासाही वाढवला नाही, हे मात्र ध्यानात ठेवू. त्याने फक्त 'माहीत नव्हतं' ही अडचण काढून टाकली.

आता त्याच समुद्राच्या पलीकडच्या काठाला, पूर्व आफ्रिकेत, केनियाला जाऊ. तिथे मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या फोन कंपनीने 'एम-पेसा' नावाची सोय सुरू केली. 'पेसा' म्हणजे स्वाहिली भाषेत पैसा. हा शब्द आपल्या पैशाचाच भाऊ मानला जातो, कारण इंग्रजांच्या काळात त्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी रुपया चालत असे.

केनियात बहुतेकांची बँकेत खाती नव्हती. कर्ता माणूस नैरोबीत कामाला, बायकामुलं आणि आईवडील गावी. पैसे पाठवायचे तर ओळखीच्या बसवाल्याकडे द्यायचे, नाहीतर कोणी गावाकडे निघेल त्याची वाट बघायची. वाटेत हरवले, चोरीला गेले, उशिरा पोचले, हे नेहमीचं. एम-पेसाने काय केलं? कोपऱ्यावरच्या दुकानदाराला रोकड द्यायची, तेवढी रक्कम आपल्या साध्या बटणाच्या फोनवर जमा होते. तिथून गुप्त आकडा घालून आईच्या नंबरवर पाठवायची. आई आपल्या गावच्या दुकानदाराकडे ओळखपत्र दाखवून रोकड घेते. इंटरनेट लागत नाही, महागडा फोन लागत नाही.

मौज अशी की ही योजना मुळात यासाठी नव्हतीच. २००५ साली त्याची पहिली चाचणी झाली ती छोट्या कर्जाचे हप्ते फेडण्याची सोय म्हणून. लोकांनी ती हातात घेतली आणि एकमेकांना पैसे पाठवू लागले. कंपनीने ते बघून आपला बेत बदलला. माणसाला ज्याची ओढ होती, तिकडे त्याने यंत्राला वळवलं.

तवनीत सूरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थतज्ज्ञांनी केनियातल्या घरांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. २०१४ साली त्यांनी लिहिलं ते असं. आजारपण, नोकरी जाणं, असं काही अंगावर कोसळलं की एम-पेसा नसलेल्या घरांचा खर्च साधारण ७ टक्क्यांनी खाली येत होता. म्हणजे कुठे जेवण कमी झालं, कुठे आणखी काही तोडावं लागलं. एम-पेसा वापरणाऱ्या घरांत तो खाली आलाच नाही. संकट तेच, पण चूल पूर्वीसारखीच पेटत राहिली.

याचं कारण आपण नीट समजून घ्यायला हवं. फोन कंपनीने त्या घरांना मदत दिली नव्हती, सरकारनेही नाही. त्या घरांना अडचणीच्या वेळी आपल्या माणसांकडून जास्त पैसे आले आणि जास्त जणांकडून आले. पूर्वी एक भाऊ पाठवायचा, आता मामा, आत्तेबहीण, जुना सोबती असे चौघे थोडं थोडं पाठवू लागले. दहा जणांनी उचललं की कोणाच्याच खांद्याला ओझं होत नाही.

२०१६ साली याच दोघांनी आणखी मोठा हिशेब मांडला. एम-पेसामुळे केनियातली सुमारे १,९४,००० घरं अगदी टोकाच्या गरिबीतून वर आली असावीत, म्हणजे देशातल्या दर शंभर घरांतली दोन. सुमारे १,८५,००० स्त्रिया पोटापुरत्या शेतीतून निघून छोट्या धंद्यात आल्या. बाई घर चालवते अशा घरांना जास्त फायदा झाला. यात आपल्या घरांसाठीही एक गोष्ट आहे. पैसा बाईच्या स्वतःच्या नंबरवर आला, गुप्त आकडा तिलाच माहीत, म्हणून ती ठरवू शकली. आपल्याकडे कितीतरी आजींचं, काकूंचं पेन्शन फोनवर येतं, पण फोन मुलाच्या हातात आणि आकडाही मुलालाच पाठ. मग बळ कोणाला मिळालं? फोन घरात आहे म्हणून घरातल्या सगळ्यांना बळ आलं, असं होत नाही.

तर 'मोबाईलने माणसं तोडली' हे सरसकट खरं नाही. केनियात त्याने माणसं जोडून ठेवली, आणि त्या जोडण्याने उपाशी पोटं भरली. ज्यांना हे तुच्छ वाटतं त्यांनी एकदा महिनाअखेरीला रिकामा डबा बघावा. आपल्या काकांचं ऑपरेशनही त्याच रात्री जमलेल्या पैशांमुळे झालं. ते पैसे लहान नव्हते.

पण इथेच दुसरा प्रश्न उभा राहतो. केनियातल्या त्या घरांना बळ आलं ते पाठवणारी माणसं होती म्हणून. ज्याला पाठवणारं कोणीच नाही त्याच्या हातात तोच फोन दिला तर काय होईल?

त्याचंही उत्तर त्याच देशात आहे. पैसे पाठवण्याची सोय रुळल्यावर फोनवरच झटपट कर्ज मिळू लागलं. कागद नको, जामीन नको, दोन मिनिटांत रक्कम हजर. ज्याला कोणाकडे हात पसरता येत नाही तो तिथे वळला. व्याज जबर. हप्ता चुकला की काही अ‍ॅपवाले कर्जदाराच्या फोनमधले नंबर काढून त्याच्या सासऱ्याला, साहेबाला, शेजाऱ्याला फोन करायचे आणि त्याची लाज काढायचे. हे आपल्या देशातही झालं, आणि त्या लाजेने माणसांनी जीव दिले आहेत. २०२२ साली केनियाच्या मध्यवर्ती बँकेने अशा कर्जवाल्यांसाठी नियम केले. त्याच वर्षी आपल्या रिझर्व्ह बँकेनेही कर्जाच्या अ‍ॅपने ग्राहकाच्या फोनमधल्या नंबरांना हात लावू नये असं बजावलं.

विचार करा, फोन तोच आणि त्यातली नावांची यादीही तीच. एका घरात ती यादी संकटात धावून आली, दुसऱ्या घरात तीच यादी गळफास झाली. यंत्राला या दोहोंतला फरक कळत नाही. त्या यादीतल्या नावांशी आपलं नातं काय आहे, यावरून तो ठरतो. अडचणीतल्या माणसाला अ‍ॅपआधी आपलं नाव आठवलं का, हे आपण विचारायला हवं. नसेल आठवलं, तर आपण त्याच्या यादीत होतो पण त्याचे नव्हतो.

काकूंचं बोलणं आम्ही गुरुजींच्या कानावर घातलं. त्यांनी दोष दिला नाही. एवढंच विचारलं, "पैसे पाठवून फोन खाली ठेवलात, तेव्हा मनात काय होतं?"

आम्ही खरं तेच सांगितलं. मनात एकच शब्द होता. झालं.

तिथेच सगळं आहे. एकमेकांच्या हाकेला न जाण्याच्या आपल्या दोन जुन्या सबबी होत्या. पहिली, मला माहीतच नव्हतं. दुसरी, मी लांब होतो. या दोन सबबी बऱ्याचदा खऱ्याही असायच्या. केरळच्या त्या ११ होड्यांना खरंच माहीत नव्हतं. नैरोबीतला मुलगा खरंच लांब होता. फोनने या दोन्ही सबबी आपल्याकडून काढून घेतल्या, आणि ही त्याची फार मोठी देणगी आहे. पण जाता जाता त्याने आपल्या हातात तिसरी, नवी सबब ठेवली. 'पाठवले ना!' ही सबब जुन्या दोन्हींपेक्षा घातक आहे, कारण ती सबब वाटतच नाही. ती पुण्यासारखी वाटते.

हैदराबादच्या ताईंनी पैसे पाठवले, त्यांना त्याहून जास्त करणं शक्य नव्हतं. त्यांचं दान पूर्ण झालं. पण दहा मिनिटांवर राहणाऱ्या आम्हीही तेवढंच केलं आणि तेवढंच समाधान मानलं. रक्कम सारखी होती, पण दान सारखं नव्हतं. जो लांब आहे त्याला फोनने जवळ आणलं. आम्ही जवळ होतो, आणि त्याच फोनच्या आडोशाने लांब बसलो.

आपल्या घरच्या जुन्या माणसांना मनीऑर्डर आठवत असेल. मुंबईच्या गिरणीतून कोकणात यायची, कारखान्यातून, पलटणीतून गावोगाव यायची. त्या फॉर्मला एक छोटी जागा असे निरोप लिहायला. दोनच ओळी मावायच्या. 'येथील सर्व खुशाल. बाळाची तब्येत कळवणे.' पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि तो निरोप वाचूनही दाखवायचा. पैसे आठवड्यात संपायचे, चिठोरं डब्यात राहायचं. त्या काळात सगळं छान होतं असं आम्ही म्हणत नाही. मनीऑर्डरची वाट बघता बघता उपास घडायचे. २०१६ पासून यूपीआय आलं आणि ते वाट बघणं संपलं, हे फार चांगलं झालं. आता गोव्याच्या हॉटेलात काम करणारा खानापूरकडचा मुलगा पगार झाला की त्याच मिनिटाला आईला पाठवतो.

पण बघा, यूपीआयमध्येही निरोप लिहायची जागा आहे. रकमेच्या खाली असते. तुम्ही शेवटचं तिथे काय लिहिलं होतं?

आम्ही आमचे फोन उघडून बघितले. सगळ्यांची जागा रिकामी होती.

यावर आम्ही बेळगावकरांनी काय केलं ते सांगतो. काही मोठं केलं नाही. ग्रुपवर एक यादी केली. त्यात पैशांचा रकाना ठेवलाच नाही. रात्री दवाखान्यात कोण बसू शकतं, दिवसा घरी कोण असतं, गाडी कोणाकडे आहे, डबा कोण देऊ शकतं, कन्नड कोणाला चांगलं येतं, म्हणजे डॉक्टर आणि नर्सशी बोलता येईल. एवढंच. पहिल्या दिवशी २३ नावं आली. शहापूरचे एक निवृत्त काका लिहितात, 'मला रात्री झोप येतच नाही, मला बोलवा.' वर्षानुवर्षं ते आपल्यात आहेत आणि ही गोष्ट आपल्याला माहीत नव्हती! इकडे रात्र काढायला माणूस नव्हतं, तिकडे एक माणूस रात्र कशी काढावी या काळजीत होता. केरळच्या किनाऱ्यावरचीच गोष्ट आपल्या गल्लीत चालू होती.

यादीत आणखी एक रकाना नंतर वाढवला. ज्यांना पाठवणारं कोणी नाही अशी आपल्या ओळखीची माणसं. ती परिवारातली असलीच पाहिजेत असं नाही. वाड्यातल्या एकट्या मावशी असतील, परराज्यातून कामाला आलेला वॉचमन असेल. त्यांच्या फोनमध्ये आपला नंबर जाऊन घालून द्यायचा आणि सांगायचं, अ‍ॅपच्या आधी मला फोन करा. हे बोलणं सोपं आहे. फोन आल्यावर उचलणं अवघड आहे. आमच्यातल्या दोघांना तो अनुभव आलाही. एकाने उचलला. एकाने दोन वेळा वाजू दिला, मग उचलला. तेही आम्ही लपवत नाही.

परवा पुन्हा एकाला दाखल करावं लागलं. या वेळी पैसे थोडे कमीच जमले, पण रात्री बाकावर दोघं होते. त्यातली एक त्या काकू होत्या.

ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा, हैदराबाद, गोवा, सगळीकडच्या परिवारांना विनंती आहे की या आठवड्यात दोन गोष्टी करून बघाव्यात. एक, कोणालाही पैसे पाठवाल तेव्हा ती रिकामी जागा भरा. एकच ओळ पुरे, पण त्या माणसाला उद्देशून. दुसरी, पाठवून झाल्यावर मनात 'झालं' आलं, की तिथेच थांबून स्वतःला विचारा, मी इथून किती लांब आहे? लांब असाल तर शांत मनाने फोन खाली ठेवा, तुमचं दान पोचलं. आणि दहा मिनिटांवर असाल, तर चप्पल घाला.

आपल्या केंद्रातला अनुभव जरूर कळवा. चुकलेलंही कळवा, त्यातूनच सगळ्यांना शिकायला मिळतं.

सर्वांचं कल्याण असो.